राउटरच्या मांडीवर बसल्याशिवाय वायफाय दिसत नाही (लिनक्स मिंट, जुना लॅपटॉप)

आत्याबाई | शनिवार, १ नोव्हेंबर २०२५, सकाळी १०:४२

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृती विभागात पडीक असते, तंत्रज्ञानात हा पहिलाच धागा. चुकलं तर सांभाळून घ्या.

राहते नेरूळला, सिडकोच्या जुन्या इमारतीत. लॅपटॉप २०१६चा. सोसायटीची खजिनदार असल्यामुळे मेंटेनन्सची बिलं, सभेची इतिवृत्तं असलं सगळं त्याच्यावर. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबरला संपली. नवीन विंडोज या यंत्रावर चढत नाही म्हणाले. भाऊबीजेला भाऊ आला, त्याच्यासोबत भाचा. चकली खात खात त्याने लिनक्स मिंट २२.२ टाकून दिलं. खरं सांगते, लॅपटॉप इतका हलका झाला की मला वाटलं नवीनच आणलाय.

पण वायफाय! हॉलमध्ये राउटरच्या बरोब्बर खाली स्टूल ठेवून त्यावर लॅपटॉप ठेवला तर एक काडी दिसते. आतल्या खोलीत नेला की यादी रिकामी. त्याच खोलीत माझ्या मोबाइलवर शेजारपाजारची वीसेक नावं दिसतात. विंडोज होतं तेव्हा याच लॅपटॉपवर पलंगावर बसून सगळं चालायचं. म्हणजे राउटर निर्दोष.

आता पुढचं वाचून हसू नका. भाचा परीक्षेत बुडालाय, फोन उचलत नाही. म्हणून नेटवर शोधून 'रियलटेक वायफाय दोन मिनिटांत दुरुस्त' असं काहीतरी होतं, त्यातल्या सहा ओळी जशाच्या तशा चिकटवल्या. पाच मिनिटं अक्षरं पळत होती. बंद करून चालू केला, तर आता ती एक काडीसुद्धा गेली. वायफायचं चिन्हच गायब.

स्टेशनजवळच्या एका दुरुस्तीवाल्याला दाखवला. त्याने उघडलाही नाही. "कार्ड उडालंय, अठराशे होतील." मी परत घेऊन आले. खरंच उडालं असेल का?

---

टवाळ पोपट | शनिवार, सकाळी १०:५८

स्टूल तिथेच ठेवा, वर गादी टाका. प्रश्न मिटला. (हलकेच घ्या.)

---

विंडोजच बरं | शनिवार, सकाळी ११:१५

म्हणून मी सांगत असतो, लिनक्स सर्व्हरवर शोभतं. घरच्या माणसांनी त्या फंदात पडू नये. सरळ वायफायचं यूएसबी डोंगल घ्या, पाचशे रुपयांत मोकळ्या व्हाल.

---

खाडीकिनारा | शनिवार, सकाळी ११:४०

आत्याबाई, अठराशे रुपये खिशातच ठेवा. डोंगलचे पाचशेही. आधी कोणती चिप आहे ते पाहू, मग औषध.

पहिली गोष्ट, लॅपटॉपला नेट हवं. मोबाइल चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा, मोबाइलच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. लिनक्सला तो मोबाइल साध्या वायरच्या नेटवर्कसारखा दिसतो, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. केबल मात्र डेटावाली हवी. नुसती चार्जिंगची असेल तर तो पर्याय फिकट राहतो, दाबला जात नाही.

दुसरी गोष्ट. टर्मिनल (कमांड लिहायची काळी खिडकी) उघडून ही कमांड द्या:

एलएसपीसीआय -एनएनके

त्यात 'नेटवर्क कंट्रोलर' असं जिथे असेल ती ओळ आणि तिच्याखालच्या तीन-चार ओळी इथे द्या.

---

आत्याबाई | शनिवार, दुपारी १२:२५

टेदरिंग झालं, वा! पण तुमची कमांड चिकटवली तर 'कमांड नॉट फाउंड' म्हणतंय.

---

घणसोलीकर | शनिवार, दुपारी १२:३१

आत्या, तुम्ही देवनागरीत चिकटवली 😀 इथला एडिटर रोमन अक्षरं टिकूच देत नाही, सगळं देवनागरी करून टाकतो. कमांड उच्चाराप्रमाणे वाचायची आणि टर्मिनलमध्ये रोमन लिपीत, स्मॉल अक्षरांत टाइप करायची. एल, एस, पी, सी, आय. मग मोकळी जागा, आडवी रेघ, एन एन के. आकडेसुद्धा इंग्रजी.

---

आत्याबाई | शनिवार, दुपारी १:०५

कळलं. टर्मिनलला मराठी येत नाही, मला इंग्रजी येतं, तडजोड झाली.

हे आलं. बघून बघून हाताने लिहिलंय:

०२:००.० नेटवर्क कंट्रोलर: रियलटेक आरटीएल८७२३बीई पीसीआयई वायरलेस नेटवर्क अडॅप्टर [१०ईसी:बी७२३]
सबसिस्टिम: (इथे लॅपटॉप कंपनीचं नाव आहे)
कर्नल मॉड्यूल्स: आरटीएल८७२३बीई

---

खाडीकिनारा | शनिवार, दुपारी १:३०

छान. आता हे वाचायचं कसं ते सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी कोणी 'कार्ड उडालं' म्हटलं तर तुम्हीच विचाराल, "कशावरून?"

कार्ड मेलेलं असतं तर बहुतेक वेळा या यादीत आलंच नसतं. इथे नाव-गाव-पत्त्यासकट हजर आहे. चौकटी कंसातला क्रमांक महत्त्वाचा. १०ईसी म्हणजे रियलटेक, बी७२३ म्हणजे ही विशिष्ट चिप. लॅपटॉपच्या खोक्यावर काहीही लिहिलेलं असो, नेटवर शोधायचं ते या क्रमांकाने. एकाच मॉडेलच्या लॅपटॉपमध्ये कंपन्या वेगवेगळ्या तुकड्यांत वेगवेगळी कार्डं घालतात.

आता यात काय आहे त्यापेक्षा काय नाही ते बघा. 'कर्नल मॉड्यूल्स' ही ओळ आहे, म्हणजे या चिपचा ड्रायव्हर तुमच्या मिंटमध्ये आहे. पण तिच्या वर 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी एक ओळ असायला हवी, ती नाही. हजेरीपटावर नाव आहे, पण माणूस कामावर आलेला नाही. सकाळी एक काडी दिसत होती म्हणजे तेव्हा तो कामावर होता. तुमच्या त्या सहा ओळींनी त्याला दारात अडवलंय असा माझा संशय आहे.

हे द्या:

ग्रेप -आर ब्लॅकलिस्ट /ईटीसी/मोडप्रोब.डी/

आणि मग

डीकेएमएस स्टेटस

---

तिरपागडा | शनिवार, दुपारी २:१०

माझाही सेम प्रॉब्लेम. रबाळ्याला ऑफिस, घर कळव्याला, दोन्हीकडे वायफाय नाही. एलएसपीसीआय मध्ये ब्रॉडकॉम बीसीएम४३१४२ [१४ई४:४३६५]. ड्रायव्हर टाकला, तरी चालत नाही. उत्तर लवकर मिळालं तर बरं, सोमवारी डेमो आहे.

---

मुरांबा | शनिवार, दुपारी २:१४

तिरपागडा, सेम कसा? चिप वेगळी, कंपनी वेगळी. वेगळा धागा काढा की.

---

आत्याबाई | शनिवार, दुपारी २:५०

राहू दे गं, माझ्या धाग्यात दोघं मावतील.

खाडीकिनारा, तुमचा संशय खरा निघाला. पहिल्या कमांडमध्ये बऱ्याच ओळी आल्या, त्यात एका फाइलमध्ये स्पष्ट 'ब्लॅकलिस्ट आरटीएल८७२३बीई' असं लिहिलंय. दुसरीत 'आरटीएल८८२१सीई' आणि पुढे काही आकडे, 'इन्स्टॉल्ड'.

एक शंका. सुडो लिहिल्यावर पासवर्ड मागतो, पण टाइप करताना काही उमटतच नाही. ठिपकेसुद्धा नाहीत. मी आधी तीनदा खोडून पुन्हा लिहिला.

---

खाडीकिनारा | शनिवार, दुपारी ३:२०

सुडो म्हणजे 'मालकाच्या हक्काने कर', म्हणून पासवर्ड. तो तिथे दिसत नाही, आंधळेपणाने लिहून एंटर मारायचा. सवय होईल.

तुमच्या सहा ओळी काय करत होत्या ते आता कळलं. त्या ८८२१सीई या वेगळ्याच चिपसाठी होत्या. तिचा ड्रायव्हर त्यांनी डीकेएमएसमधून (बाहेरचे ड्रायव्हर यंत्रावरच बांधणारी सोय) बांधला आणि जुना ड्रायव्हर आडवा येऊ नये म्हणून तुमचा, म्हणजे नेमका कामाचा, काळ्या यादीत टाकला. लेख जुना असणार. ८८२१सीईचा ड्रायव्हर कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.९ पासून, म्हणजे ऑक्टोबर २०२० पासून, कर्नलमध्येच येतो. त्याच्यासाठीसुद्धा हा खटाटोप आज सहसा करावा लागत नाही.

ज्या फाइलमध्ये ती ओळ आहे तिचं नाव ग्रेपच्या उत्तरात ओळीच्या सुरुवातीलाच दिसेल. फाइल त्या लेखामुळेच तयार झाली असेल, तिच्यात दुसरं काही नसेल, तर उडवा:

सुडो आरएम आणि पुढे फाइलचा पूर्ण पत्ता

आरएम विचारत नाही, उडवतो. एंटर मारण्याआधी पत्ता दोनदा वाचा. फाइलमध्ये इतर ओळीही असतील तर मला आधी सांगा.

मग तो उपरा ड्रायव्हर काढा:

सुडो डीकेएमएस रिमूव्ह आरटीएल८८२१सीई/(स्टेटसमध्ये दिसलेले आकडे) --ऑल

आणि रीस्टार्ट.

---

घणसोलीकर | शनिवार, दुपारी ३:४५

@तिरपागडा, तुझी चिप ब्रॉडकॉमच्या स्वतःच्या 'डब्ल्यूएल' ड्रायव्हरवर चालते. लिनक्समधला बी४३ ड्रायव्हर तिला चालत नाही. तू टाकलास म्हणतोस म्हणजे पॅकेज असेल, पण मॉड्यूल चढत नसेल. सुडो मोडप्रोब डब्ल्यूएल करून बघ, काय म्हणतो?

---

तिरपागडा | शनिवार, दुपारी ३:५२

'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस'

---

घणसोलीकर | शनिवार, दुपारी ४:०४

मग सिक्युअर बूट. तुझ्याच यंत्रावर बांधलेल्या मॉड्यूलवरची सही बायोसला ओळखीची नाही, म्हणून कर्नल दारातून परत पाठवतोय. ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगितला होता ना? तो पुढच्या बूटला येणाऱ्या निळ्या पडद्यासाठी होता. 'एमओके मॅनेजमेंट' लिहिलेला. दहा सेकंद थांबतो, कळ दाबली नाही तर निघून जातो. तू चहा आणायला गेला असशील.

पुन्हा मागवायचा: सुडो अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी --एनरोल-की. त्याने नाही जमलं तर ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर काढून परत टाक. निळा पडदा आला की 'एनरोल एमओके', 'कंटिन्यू', 'येस', ठरवलेला पासवर्ड, रीबूट. दुसरा मार्ग बायोसमध्ये सिक्युअर बूटच बंद करायचा. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर त्याला हात लावू नकोस, आयटीवाल्यांना विचार.

---

आत्याबाई | शनिवार, संध्याकाळी ६:१८

चिन्ह परत आलं!! फाइलमध्ये तेवढी एकच ओळ होती. पत्ता दोनदा नाही, चारदा वाचला.

आता 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळही आली. पण परिस्थिती सकाळच्या आधीची. स्टुलावर एक काडी, आत काही नाही. म्हणजे फिरून भोपळे चौकात. तरी बरं वाटलं, निदान मी केलेली घाण निस्तरली.

---

घणसोलीकर | शनिवार, संध्याकाळी ६:४०

आत्या आता खरी गंमत. ८७२३बीई म्हटल्यावर मला पहिल्यापासून तीच शंका होती, पण आधी काळी यादी निस्तरणं गरजेचं होतं.

या कार्डावर अँटेनाची वायर लावायला दोन खुंट्या असतात. बऱ्याच लॅपटॉप कंपन्यांनी खर्च वाचवायला एकच वायर दिली. त्यात वाईट काही नाही, ही चिप एका अँटेनावर चालणारीच आहे. घोळ असा की कार्डाच्या आतल्या मेमरीत 'अमुक खुंटीवर ऐक' असं लिहून ठेवलेलं असतं, आणि काही लॅपटॉपमध्ये वायर दुसऱ्याच खुंटीला लावलेली असते. ड्रायव्हर बिचारा मेमरीवर विश्वास ठेवतो आणि रिकाम्या खुंटीला कान लावून बसतो. राउटर अगदी डोक्यावर असेल तर तशातही थोडंसं ऐकू येतं. तुमची एक काडी ती हीच.

यावर उपाय ड्रायव्हरमध्येच आहे, 'एएनटी_एसईएल' नावाचा पर्याय. ० म्हणजे मेमरीत लिहिलंय तसं, १ किंवा २ म्हणजे आपण सांगू ती खुंटी. मधली रेघ खालची आहे, अंडरस्कोर.

आधी आजचं माप घ्या: एनएमसीएलआय डेव्ह वायफाय. 'सिग्नल' रकान्यात ० ते १०० मध्ये आकडा येतो. मग:

सुडो मोडप्रोब -आर आरटीएल८७२३बीई
सुडो मोडप्रोब आरटीएल८७२३बीई एएनटी_एसईएल=१

अर्धा मिनिट थांबून पुन्हा माप. मग त्याच दोन ओळी, शेवटी २ घालून. हे तात्पुरतं आहे, बिघडलं तर रीस्टार्ट केला की पूर्ववत.

---

विंडोजच बरं | शनिवार, संध्याकाळी ७:०२

विंडोजवर हे सगळं करावं लागलं नव्हतं, हे नम्रपणे नमूद करतो.

---

घणसोलीकर | शनिवार, संध्याकाळी ७:०९

नम्रपणे मान्य. विंडोजचा ड्रायव्हर लॅपटॉप कंपनी आधीच जुळवून देते. लिनक्सच्या ड्रायव्हरला कोणी सांगितलेलंच नसतं की वायर कुठे लावली.

---

आत्याबाई | शनिवार, रात्री ८:३५

भात कुकरला लावून बसले होते, शिट्ट्या मोजत आकडे लिहिले. लॅपटॉप स्टुलावर असताना:

काही न करता: २७. यादीत एकटं माझंच नाव.
१ घालून: २२. बसल्या बसल्या कमी झालं, मी म्हटलं संपलं सगळं.
२ घालून: ९४.

चौऱ्याण्णव! यादी भराभर खाली वाढत गेली. एकोणीस नावं. तिसऱ्या मजल्यावरचं 'पासवर्ड मागू नये' हेसुद्धा दिसतंय, ते आजवर मोबाइलवरच दिसायचं. लॅपटॉप उचलून आतल्या खोलीत गेले, तिथे ६३. स्वयंपाकघरात ५८. बाल्कनीतही नेऊन आले, यजमान म्हणाले, "काय, आरती ओवाळतेयस का घराची?"

चौथी शिट्टी झालेली कळलीच नाही. भात गिचका.

---

टवाळ पोपट | शनिवार, रात्री ८:४१

गिचक्या भाताची पाककृती योग्य विभागात टाकावी. अभिनंदन आत्याबाई!

---

खाडीकिनारा | शनिवार, रात्री ९:१५

अभिनंदन. आता हे कायमचं करा, नाहीतर उद्या सकाळी पुन्हा स्टूल. एक फाइल लिहायची:

सुडो नॅनो /ईटीसी/मोडप्रोब.डी/आरटीएल८७२३बीई.कॉन्फ

तिच्यात एकच ओळ:

ऑप्शन्स आरटीएल८७२३बीई एएनटी_एसईएल=२

कंट्रोल आणि ओ, एंटर, मग कंट्रोल आणि एक्स. बरोबरीच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा नको.

एक अवांतर, पण सांगावंसं वाटतं. एएनटी_एसईएल हा पर्याय ड्रायव्हरमध्ये घातला लॅरी फिंगर यांनी. बदलासोबत त्यांनी कारणही लिहून ठेवलंय: लॅपटॉप उघडून वायर हलवता येईल, पण काही ठिकाणी त्याने वॉरंटी जाते, आणि ज्याच्याकडे विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत त्याचं विंडोजवालं वायफाय बिघडतं. म्हणून सॉफ्टवेअरमध्येच सोय करू. हा गृहस्थ ब्रॉडकॉमच्या बी४३ पासून रियलटेकच्या ड्रायव्हरांपर्यंत वर्षानुवर्षं हेच काम करत राहिला. आपल्यासारख्या गोंधळलेल्या लोकांना फोरमांवर स्वतः उत्तरंही द्यायचा. २०२४च्या जूनमध्ये गेले. त्यांच्या पत्नीने कर्नलच्या वायरलेस मेलिंग लिस्टवर कळवलं, तेव्हा बातमी समजली. मी टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं जोडण्या शोधत काढली. लाइन लागली की माणूस फोन ठेवतो आणि पोलवर कोण चढलं होतं ते विसरतो. त्यात त्याची चूक नाही. तरी आज आठवण निघाली म्हणून लिहिलं.

---

आत्याबाई | रविवार, २ नोव्हेंबर, सकाळी ९:२०

काका, सकाळी सकाळी डोळ्यांत पाणी आणलंत. आणि दुसरं कारण असं की आज पुन्हा २७. फाइल लिहिली, रीस्टार्ट केला, काही फरक नाही.

---

खाडीकिनारा | रविवार, सकाळी ९:४४

कॅट /एसवायएस/मॉड्यूल/आरटीएल८७२३बीई/पॅरामीटर्स/एएनटी_एसईएल

यात ड्रायव्हरने प्रत्यक्षात काय घेतलं ते दिसतं. २ यायला हवं.

---

आत्याबाई | रविवार, सकाळी ९:५०

० येतंय.

---

घणसोलीकर | रविवार, सकाळी १०:०५

फाइलमधली ओळ अक्षर अन् अक्षर बघून लिहा इथे.

---

आत्याबाई | रविवार, सकाळी १०:१२

ऑप्शन आरटीएल८७२३बीई एएनटी_एसईएल=२

---

घणसोलीकर | रविवार, सकाळी १०:१४

ऑप्शनस्. शेवटचा एस खाल्लात. तो नसेल तर मोडप्रोब ती ओळ सरळ सोडून देतो. लॉगमध्ये 'इग्नोरिंग बॅड लाइन' असं पुटपुटतो, पण ते बघायला कोण जातंय.

---

आत्याबाई | रविवार, सकाळी १०:३०

एका एससाठी! ताळेबंदात एक शून्य राहिलं तर मी सोसायटीच्या लोकांना बोलते, आता बोलायची सोय राहिली नाही. दुरुस्त केलं, रीस्टार्ट केला. २ येतंय. सिग्नल ९१.

घणसोलीकर, तू रविवारी येऊन बघू का म्हणून व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला होतास, त्याबद्दल मनापासून आभार. काम नसलं तरी ये. ट्रान्सहार्बरने नेरूळ किती लांब आहे तुला? चिवडा अजून आहे.

---

मुरांबा | रविवार, दुपारी १२:०८

आत्याबाई, मी तिरपागडांना ओरडले आणि आता मीच आडवी येतेय, माफी. लॅमिंग्टन रोडवरून डोंगल आणलं. लावल्यावर वायफाय नाही, उलट डेस्कटॉपवर सीडी लावल्यासारखं चित्र येतं. एलएसयूएसबी मध्ये ०बीडीए:१ए२बी.

---

घणसोलीकर | रविवार, दुपारी १२:२०

बिघडलेलं नाही. त्या डोंगलच्या पोटात विंडोजचा ड्रायव्हर साठवलेला आहे, म्हणून लावल्याबरोबर ते आधी सीडी असल्याचं सोंग आणतं. त्या चित्रावर राइट क्लिक करून 'इजेक्ट' करा. सोंग उतरलं की एलएसयूएसबी मध्ये क्रमांक बदललेला दिसेल. खरी चिप ती. नाही उतरलं तर यूएसबी-मोडस्विच हे पॅकेज टाका आणि

सुडो यूएसबी_मोडस्विच -केडब्ल्यू -व्ही ०बीडीए -पी १ए२बी

इथे के आणि डब्ल्यू कॅपिटल, बाकी स्मॉल.

पुढच्या वेळी कोणी डोंगल घेणार असेल तर दुकानात किंमत विचारायच्या आधी चिप विचारा. एमटी७६१२यू असेल तर डोळे मिटून घ्या, तिचा ड्रायव्हर ४.१९ पासून कर्नलमध्येच आहे. 'लिनक्स सपोर्टेड' असं खोक्यावर छापलंय म्हणून भुलू नका. आत कधीकधी फक्त सोर्सची झिप असते, आणि कर्नल बदलला की ती बांधलीच जात नाही.

---

तिरपागडा | सोमवार, ३ नोव्हेंबर, रात्री ११:४०

निळा पडदा पकडला. वायफाय चालू. डेमोही झाला. सर्वांचे आभार, विशेषतः धागाकर्तीचे. (चहा आणायलाच गेलो होतो.)

---

आत्याबाई | रविवार, ९ नोव्हेंबर, दुपारी ४:१५

धागा वर काढतेय. आठवडाभर उत्तम चाललं. एक खोड उरलीय. काही न करता दहा-पंधरा मिनिटं ठेवला की वायफाय तुटतं. चिन्ह चालू दिसतं, पण पान उघडत नाही. बंद-चालू केलं की पुन्हा ठीक. काल कार्यकारिणीची ऑनलाइन सभा होती, मी ऐकत बसले होते, मध्येच सगळे पुतळे झाले. पाण्याच्या टाकीचा ठराव माझ्याविना मंजूर!

---

खाडीकिनारा | रविवार, संध्याकाळी ५:००

हा वीज वाचवण्याचा सोस. दोन ठिकाणी आवरायचा.

आपल्या त्याच फाइलमध्ये त्याच ओळीत पुढे मोकळी जागा सोडून एफडब्ल्यूएलपीएस=० जोडा. ओळ नवीन नको, तीच.

दुसरं, /ईटीसी/नेटवर्कमॅनेजर/कॉन्फ.डी/ मध्ये 'डिफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन.कॉन्फ' अशी फाइल असेल. फोल्डरच्या नावात एन आणि एम कॅपिटल आहेत. त्यात वायफाय.पॉवरसेव्ह = ३ दिसेल, त्याचं २ करा. ३ म्हणजे चालू, २ म्हणजे बंद. हे आकडे कोणी ठरवले देव जाणे. रीस्टार्ट.

बॅटरी किंचित लवकर उतरेल. २०१६ची बॅटरी म्हणजे तसाही लॅपटॉप चार्जरलाच असेल.

---

आत्याबाई | शनिवार, १५ नोव्हेंबर, रात्री ९:०५

असतोच चार्जरला.

पाच दिवस झाले, एकदाही तुटलं नाही. हा प्रतिसाद पलंगावर बसून लिहितेय, राउटर दोन भिंतींपलीकडे.

भाचा परीक्षा संपवून आज आला. त्याला सगळी कथा सांगितली तर त्याचा विश्वास बसेना, म्हणाला, उघडून बघू. मागचं झाकण काढलं. कार्ड केवढंसं, पोस्टाच्या मोठ्या तिकिटाएवढं. वरच्या कडेला दोन पिवळ्या टिकल्या, मंगळसूत्रातल्या बारीक मण्यापेक्षाही लहान. एकीला काळी बारीक वायर दाबून बसवलेली, पडद्याच्या बिजागरीकडे गेलेली. दुसरी रिकामी, तिच्यावर थोडी धूळ. घणसोलीकर, तू न बघता सांगितलंस तस्सं. भाचा म्हणाला, वायर हलवतो, म्हणजे ती फाइल लागणारच नाही. मी म्हटलं, हात लावायचा नाही. झाकण लावून घेतलं. एक स्क्रू उरला, तो कुठला ते कोणालाच माहीत नाही.

---

टवाळ पोपट | शनिवार, रात्री ९:१०

स्क्रू उरल्याशिवाय दुरुस्ती शास्त्रोक्त होत नाही.

---

कोलबाड कट्टा | मंगळवार, ६ जानेवारी २०२६, सकाळी ८:५०

जुना धागा वर काढतोय, माफ करा. ठाण्यात मुलीच्या लॅपटॉपला हाच आजार, चिपही तीच, १०ईसी:बी७२३. सगळं इथे लिहिलंय तसं केलं. फरक इतकाच की २ ने काही झालं नाही, १ ने झालं. ३१ वरून ८८. लॅपटॉपची कंपनी वेगळी आहे. पुढे कोणी वाचेल म्हणून नोंदवून ठेवतो, दोन्ही आकडे करून बघा.

---

आत्याबाई | मंगळवार, सकाळी ९:३०

वा! आणि 'ऑप्शन्स'मधला एस बघितलात ना?

---

कोलबाड कट्टा | मंगळवार, सकाळी ९:३४

तो पहिल्यांदा बघितला.